लिंपलेली खिडकी

यंदाही सुगी आली. शेजारच्या परसात हुरड्याची आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर कुंपणावरून आमच्या स्वयंपाकघरात आला आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा वास. या वासाला इंग्रजीत काय म्हणावं हे मला आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही सुचलेलं नाही. मी सवयीनं उठले आणि खिडकी लावली. लावल्यावर हात कडीवरच राहिला. मग ती पुन्हा उघडली, दोन्ही दारं सताड, आणि धुरात डोळे पुसत बसले.

त्याच दुपारी तिकडून यशचा फोटो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला चिकटलेले केस, दोन्ही हात वर. एका हाताची मूठ वळलेली आणि दुसऱ्या हातात दम्याचा निळा पंप, झेंडा धरावा तसा उंच धरलेला. मी लगेच लिहिलं, ‘छान! पण फोटो काढताना ते हातातलं खाली ठेवायचं ना, बाळा.’

यशचं उत्तर आलं, ‘का आजी? हा नसता तर मी गोल केलाच नसता.’

आणि त्याच्याखाली त्याच्या बहिणीचं, सईचं, ‘आजी, तुलाही दमा आहे ना? तू तुझा पंप लपवतेस का?’

तुम्ही दोघांनी हे सहज विचारलं. मी मात्र फोन उपडा ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. मनात काही बोचायला लागलं की मी कपाट आवरते, हे तुमच्या बाबाला माहीत आहे. घड्या मोडून पुन्हा घातल्या, तरी उत्तर सापडलं नाही. ते सापडायला मला त्या जुन्या घरात परत जावं लागणार होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मराठीत लिहिते, बाबा वाचून दाखवील. त्यानंही ऐकावं असं यात पुष्कळ आहे.

येरमाळ्याहून थोडं आत, रस्त्याला लागून आमचं घर होतं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. स्वयंपाकघर लांबट आणि अंधारं. त्याला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी आणि छताला धूर जायला एक भोक, त्याला साणं म्हणत. मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा सकाळी त्या साण्यातून उन्हाचा खांब उतरायचा आणि धूर त्या खांबाला वेटोळे घालत वर जायचा. मी शहरातून आलेली, बी. ए. झालेली. मला ते एखाद्या चित्रासारखं वाटायचं. चूल मला फुंकावी लागत नव्हती, म्हणून.

चूल फुंकायच्या गयाक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात कायम फुंकणी. ती लोखंडी नळी त्यांच्या हाताचंच एक बोट वाटायची. मी चुलीपाशी बसले की धुरानं माझे डोळे लाल व्हायचे. गयाक्का मला कोपरानं ढकलायच्या.

“ऊठ गं मास्तरीण. तुझ्या डोळ्याचं पाणी पिठात पडलं तर मीठ जास्त हुईल. जा, पोरांचे पेपर तपास.”

मी उठायचे. शाळेत नोकरी लागली होती, सकाळची घाई असायची, कारण तयार असायचं. त्या ढकलायच्या आणि मी ढकलली जायचे, असं ते चाललं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल तुम्ही बाबाकडून ऐकलं असेल, पण बाबानं तो पाहिला नाही. आमच्या खिडकीसमोरच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. सगळं गाव खडी फोडायला बसलेलं. त्यात भावकीतली माणसंही होती, लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकलेली. हातोड्यांचा आवाज दिवसभर घरात यायचा. आणि आमच्या पेवात, जमिनीखालच्या त्या धान्याच्या खड्ड्यात, जुनी ज्वारी होती. फार नव्हती. पण होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कंजूस नव्हत्या. संध्याकाळी कण्यांचं भांडं मागच्या दारानं कुणाकुणाकडे जायचं. पण दुपारी आमच्या साण्यातून धूर निघाला की रस्त्यावरची माणसं हातोडा थांबवून वर बघत. कुणी काही बोलत नसे. नुसतं बघत.

“कुणी मागाय आलं तर देता येतं,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्ये बघणं न्हाय सोसत. घास उतरत न्हाय.”

एका दुपारी त्यांनी आणि गयाक्कानं माती कालवली, तीत भुसा मिसळला आणि स्वयंपाकघराची खिडकी आतून लिंपून टाकली. साण्यावर फुटकं घमेलं पालथं घातलं. त्यानंतर आमच्या घरातून धूर दिसेनासा झाला. तो घरातच राहायला लागला. आधी आढ्याला लागायचा, मग खाली खाली यायचा आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या खांद्यावर टेकायचा. गयाक्का पदर तोंडात धरून भाकरी थापायच्या. पोटभर जेवण्याची लाज आम्हा सगळ्यांना वाटत होती. पण ती लाज फुंकायचं काम एकटीच्या वाट्याला आलं होतं.

दुष्काळ सरला. पाऊस झाला, रस्त्यावर डांबर पडलं, माणसं आपापल्या शेतावर गेली. खिडकी तशीच राहिली. लिंपणावर कुणी तरी खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर फळी आली, फळीवर डबे आले. घमेल्यावर गवत उगवलं. ती खिडकी का बंद केली होती हे कुणाला विचारलं असतं तर क्षणभर आठवावं लागलं असतं. माणसाची लाज निघून जाते आणि तिनं केलेलं बांधकाम मागे राहतं, हे मी तिथं पाहिलं. तेव्हा मात्र मला ते दिसलं नव्हतं. मला तिथं फक्त डब्यांची फळी दिसायची, आणि ती नीट लावलेली असल्याचं समाधान वाटायचं.

ज्या सुगीबद्दल मला सांगायचं आहे ती ऐंशी सालानंतरची. तोवर आमच्या भागाचं रूप पालटलं होतं. सोसायटी आली होती, दूध संघाची गाडी दारात यायची, ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्या रानात ऊस उभा. ढोकीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या जायच्या आणि रस्त्यावर पडलेली कांडी उचलायला पोरं मागं पळायची. सोसायटीमार्फत गोबरगॅस घ्यायचं आमच्या घरातही ठरलं होतं, गोठ्यामागे खड्डासुद्धा खणून झाला होता. त्या वर्षी ज्वारी छातीएवढी वाढली. कणसं अशी भरली की वाऱ्यानं रान हललं तरी जड आवाज यायचा. करडईच्या फुलांचे पिवळे पट्टे, हरभऱ्याच्या पानांची आंबट ओल, खळ्यावरच्या भुसाची अंगाला सुटणारी खाज. आणि या सगळ्यातून गयाक्काचा खोकला.

तो खोकला कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. आधी तो फक्त सकाळचा होता. मग त्या पाण्याची घागर आणताना मध्येच थांबू लागल्या, कुणाशी तरी बोलायचं आहे असं दाखवून. कुणी नसलं तर बाभळीशी बोलत थांबायच्या. येडाई देवीच्या डोंगरावर चैत्रात आम्ही सगळे जायचो. त्या वर्षी गयाक्का पहिल्या पायरीपाशीच बसल्या. “आईला म्हनावं, म्या खालूनच नमस्कार केलाय. तिला दिसतंय की वरून.” आम्ही हसलो आणि वर गेलो. खाली उतरलो तेव्हा त्या दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून श्वास घेत होत्या. तसं बसलेलं माणूस आता मला लांबूनही ओळखू येतं.

त्यांना तालुक्याला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले, कारण डॉक्टरांशी बोलता येईल अशी घरात मी एकटी, असं सगळे मानत. मीही मानत असे. आधी सगळ्यांना क्षयाची भीती होती. थुंकी तपासली, फोटो काढला, क्षय नव्हता. मग डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, “बाई, विडी ओढता का?”

मी ताठ झाले. आमच्या घरातल्या बाईला हा प्रश्न! गयाक्का मात्र पदराआड हसल्या. “न्हाय ओ डाक्टर. विडी कुठली? म्या फुकणी फुकते रोज.”

डॉक्टर हसले नाहीत. “किती वर्षं?”

“लगीन झाल्यापून.”

“स्वयंपाकघराला खिडकी आहे?”

गयाक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. “हाय,” त्या म्हणाल्या. “बंद हाय.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि नीट सांगितलं. धुरानं आतल्या नळ्या सुजून अरुंद झाल्या आहेत. फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण उरलेला सांभाळता येतो. धूर थांबवा, खिडकी उघडा, लवकरात लवकर गॅस आणा. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी. आणि हा पंप जवळ ठेवायचा. दम लागला की लगेच ओढायचा, अगदी जीव कासावीस होईपर्यंत थांबायचं नाही. ओढायचा कसा ते त्यांनी करून दाखवलं. गयाक्काला ते एकदाच दाखवावं लागलं. नळीतून हवा कशी न्यायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बसमध्ये त्यांनी पंप पदराच्या गाठीत बांधला आणि मला म्हणाल्या, “घरात सांग, साधा खोकला हाय म्हणून.”

“अक्का, अहो, औषध रोज घ्यायचंय. लपवून कसं घ्याल?”

“मंदाचं उरकू दे. मंग गावजेवण घालून सांगू.”

मंदा ही त्यांची मुलगी. तिला बघायला ढोकीकडचे पाहुणे येणार होते. मुलगा कारखान्यात नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी, स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलीच्या आईला दमा आहे हे कळलं तर ते पुढचा प्रश्न विचारणार, आणि पुढचा प्रश्न मंदाच्या छातीबद्दल असणार. दमा रक्तातून येतो, एवढंच तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. धुरातून येतो हे आम्ही दोघी नुकतं ऐकून आलो होतो, पण ते कुणाला सांगायचं तर आधी खिडकीचं सांगावं लागलं असतं. घरी आत्याबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. आणि त्याही म्हणाल्या, मंदाचं उरकू द्या, मंग खिडकी काढू. आता पाहुण्यांच्या तोंडावर घराची माती कुठं पाडायची? गोबरगॅसच्या खड्ड्यावर तेवढ्यापुरत्या फळ्या टाकल्या. सगळं त्या एका वाक्यामागे रांगेत उभं राहिलं.

पाहुणे आले तो दिवस मला वासांनी आठवतो. अंगणात नुकत्याच घातलेल्या सड्याचा वास, पुरुषांसाठी बैठकीत ठेवलेल्या पानांचा वास, आणि आतून येणारा पळाट्यांचा कडवट धूर. पळाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. लाकूड महाग झाल्यापासून आम्ही तेच जाळत असू. पाहुण्यांच्या ताटात चुलीवरून थेट भाकरी पडली पाहिजे, आणि ती मुलीच्या आईच्या हातची पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. मुलीला हात कुणाचा मिळाला ते त्यावरून कळतं म्हणे. म्हणून गयाक्का चुलीपुढे बसल्या होत्या. खोकायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. मी ताटं पुसत होते.

मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, चौकस होत्या. मुलगी पाहून झाली, पोहे झाले, आणि त्या हात धुवायच्या निमित्तानं सरळ आत आल्या. फळीवरचे डबे बघितले, डबे चकचकीत होते, मान हलवली. मग त्यांचा हात कोनाड्याकडे गेला. मिठाच्या बरणीमागून त्यांनी पंप बाहेर काढला.

“ह्ये काय ओ? कशाची डबी?”

भाकरी थापायचा आवाज थांबला. चुलीत पळाट्या तडतडत होत्या तेवढ्याच. मी गयाक्काकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे.

“ते व्हय?” गयाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. “ते आमच्या धाकट्या जाऊबाईचं. शहरगावची हाय ना ती. धूर सोसत न्हाय. दमा हाय तिला.”

हे त्यांनी आधी ठरवलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण त्याहून नेमकी जागा दुसरी नव्हती. माझं लग्न झालेलं होतं, माझं रक्त दुसऱ्या घरचं, मंदाशी माझ्या छातीचा काही संबंध नव्हता.

“हो,” मी म्हटलं. “माझंच आहे.” आणि पंप घेऊन कमरेला खोचला.

“अगं बाई!” विहीणबाई कळवळल्या. “मास्तरीण ना तुमी? मंग पोरांफुडं कसं करता? असं करा, मृगाला हैदराबादला जावा. तिथं औषध घालून जित्ता मासा गिळाय देत्यात. आमच्या चुलत्यानं गिळला होता.”

“मास्तरनीला मासा नका सांगू,” गयाक्का चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. “ती अंड्याला बी ‘हे काय’ म्हणती.”

सगळ्या हसल्या. त्या हसण्यातच मला पहिली शीळ ऐकू आली, गयाक्काच्या श्वासातली. बारीक, बंद दारातून वारा शिरावा तशी.

विहीणबाई जाईनात. पाट ओढून तिथंच बसल्या. “बघू तरी कुनाच्या हातची भाकर खायचीय पोराला,” म्हणाल्या. गयाक्कानं दुसरा गोळा घेतला. भाकरी थापताना हाताला एक ताल असतो, ऐकणाऱ्यालासुद्धा त्याची सवय होते. तो ताल तुटायला लागला. दोन थाप, मग थांबणं, मग एक. गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. ओठांचा रंग बदलला होता. आणि त्यांचा पंप माझ्या कमरेला होता. सगळ्यांसमोर माझा होऊन गेलेला, त्यामुळे मी तो त्यांच्या हातात देऊ शकत नव्हते.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी कधी काम केलं नाही. नाटकाच्या पोशाखांच्या घड्या घालणं माझ्याकडे असायचं. त्या दिवशी मी ताट खाली ठेवलं आणि खोकायला लागले. आधी हळू, मग जोरात, भिंतीला धरून.

“अक्का… मला जरा… आत… पाठ चोळा…”

गयाक्काला कळायला निमिषही लागलं नाही. “बघा, आलं हिला. तुमी बसा, म्या आलेच,” असं म्हणत त्यांनी मला धरलं, की मी त्यांना धरलं, कोण जाणे. आम्ही आतल्या खोलीत गेलो आणि दार ओढून घेतलं. मी पंप त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी एकदा ओढला, डोळे मिटले, पुन्हा ओढला. मी खोकणं थांबवलं होतं. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

“जोरात खोक की गं,” त्या कुजबुजल्या. “दोघींचं खोकायचंय तुला.”

मी दोघींचं खोकले. बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला, “लई वाईट ओ. बिचारी.” ते ऐकून गयाक्काला हसू फुटलं आणि हसण्यानं पुन्हा दम लागला. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी काढत त्या म्हणाल्या, “नाटकात जायचं सोडून शाळंत काय करतीस?”

थोड्या वेळानं श्वास सरळ झाला. त्यांनी पदर सारखा केला आणि परत चुलीपुढे गेल्या. तिथं विहीणबाई स्वतः भाकरी उलटत बसल्या होत्या, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं.

“काय धूर ओ तुमच्यात! खिडकी न्हाय व्हय?”

“हाय की,” दारातून आत्याबाई म्हणाल्या. “बंद हाय.”

मंदाचं जमलं. घरात मला कुणी नावाजलं असं नाही, पण त्या दिवसानंतर आत्याबाई मला पहिला चहा देऊ लागल्या. तुमचा बाबा तेव्हा लहान होता. त्यानं सगळं ऐकलं आणि गल्लीत सांगून आला की आईला दमा आहे. लहान मुलाच्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून त्याला खरं सांगितलं नाही. मी जरा जरी खाकरले तरी तो धावत पंप घेऊन यायचा, चेहरा पांढरा करून. मी तो हातात घ्यायचे आणि ‘शहाणा माझा’ म्हणायचे.

मला वाटलं होतं, लग्न पार पडेपर्यंतच हे. पण लग्न झाल्यावर मंदा सासरी गेली आणि ‘मंदाचं उरकू दे’चं ‘मंदाला बोलणी बसतील’ झालं. मग तिचं पहिलं बाळंतपण, मग दुसरं. पंप माझा तो माझाच राहिला. विहिणीकडचं कुणी अचानक आलं तर तो माझ्याजवळ दिसायला हवा, म्हणून मी तो शाळेच्या पिशवीत ठेवू लागले. आता नीट ऐका. सकाळी घरात चूल पेटायची तेव्हा मी शाळेत असायचे. धूर घरी असायचा आणि पंप शाळेत, माझ्या वह्यांशेजारी, नीट जागेवर. रोजच्या गोळ्या मी आणायचे, त्या कधी घेतल्या जायच्या, कधी कुणी आलं म्हणून राहायच्या. तब्येत कशी आहे हे सगळे मला विचारायचे. गयाक्काला कुणी विचारत नसे, कारण त्यांना काही झालेलंच नव्हतं.

खिडकी मात्र उघडली. लग्नाचा मांडव उतरला त्या दुपारी गयाक्कानं डब्यांची फळी उतरवली आणि खुरपं घेऊन त्या पाटावर चढल्या. दुष्काळातली ती माती ढेकळा-ढेकळांनी खाली पडली. उजेड आत आला. भिंती डांबरासारख्या काळ्या होत्या. काजळीचे थेंब वाळून लोंबत होते. गयाक्कानं पदर तोंडावर घेतला. “उघडं पडल्यावानी वाटतंय गं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतींना चुन्याचे हात दिले, एकावर एक, तरी काळं वर येतच राहिलं. पुढे गोबरगॅस आला, निळी ज्योत आली, धूर गेला. भिंती शेवटी पांढऱ्या झाल्या. छातीच्या आत चुना लावता येत नाही.

नोकरी संपल्यावर मी इंग्रजीत मिळेल ते वाचत गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका, कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, चुलींपुढे बसून याच आजारानं थकलेल्या. डोंगरातल्या झोपड्या, वाळवंटातली घरं, नदीकाठच्या वस्त्या, आणि सगळीकडे एक बाई हात गुडघ्यांवर टेकून, खांदे उचलून बसलेली. उपायही सगळीकडे तेच लिहिलेले, जे आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी एका दुपारी सांगितले होते. वाचताना माझे कान तापायचे. औषध नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. औषध माझ्या पिशवीत होतं.

गयाक्का अशाच एका सुगीत गेल्या. शेवटी शेवटी त्यांना बोलायचं की श्वास घ्यायचा यातलं एकच निवडावं लागायचं. त्या बहुधा बोलणं निवडायच्या. आणि बोलायच्या ते थट्टेचं, “मास्तरीण, तुझा दमा आज लई वर आलाय बघ.”

मंदाच्या लग्नातला एक फोटो आमच्या भिंतीवर आहे. तुम्ही इथं आलात की त्याच्याकडे बघून विचारता, या दोघी कोण, हात धरून उभ्या? आणि मी सांगते, मी आणि माझ्या जाऊबाई. पाहुणे म्हणतात, काय प्रेम होतं दोघींत. प्रेम होतंच. पण त्या दिवशी अक्षता पडल्यावर धावपळीत गयाक्काला दम लागला आणि आत जायला सवड नव्हती. मी पंप पदराखालून त्यांच्या तळव्यात सरकवला, इतक्यात फोटोग्राफर ओरडला, हलू नका. त्यांनी माझा हात घट्ट पकडला. त्या दोन तळव्यांच्या मधे तो आहे. फोटोत दिसत नाही. दिसू नये यासाठीच आम्ही हात धरले होते. म्हणून यश, तुझा फोटो पाहिल्याबरोबर माझी बोटं ‘खाली ठेव’ लिहून मोकळी झाली.

तू काहीही खाली ठेवू नकोस. तुझा तो फोटो मी मोठा करून आणला आहे, पंपासकट. गयाक्काच्या शेजारी लावला आहे.

सई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो पंप माझा नव्हता, बाळा. मला दमा कधीच नव्हता. बाबानं तिकडच्या डॉक्टरांना ‘माझ्या आईला होता’ असं सांगितलं आहे, ते त्यानं दुरुस्त करून घ्यावं. तो खोटं बोलला नाही. त्याला आम्ही खरं दिलंच नव्हतं.

हे लिहून झाल्यावर मी मंदाला फोन केला. ती आता स्वतः आजी आहे. तिच्या सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी ती फोन उचलल्याबरोबर विचारते तेच तिनं विचारलं, “काकू, दमा कसा हाय?”

इतकी वर्षं मी ‘बरा आहे’ म्हणत आले. आज म्हटलं, “मंदा, तो माझा नव्हता. तुझ्या आईचा होता.”

पलीकडे माणसांचा गलबला होता, लेकीसुना, पोरं, कुणी तरी हुरडा चोळत असावं. तो हळूहळू थांबला.

“काकू,” मंदा म्हणाली, “फोन स्पीकरवर हाय. समदे हितंच बसल्यात.”

मी फोन ठेवणार होते.

“ठिवू नका,” ती म्हणाली. “पुन्यांदा म्हना. जरा जोरात.”